वाटीत उरलेली बिस्किटं

आमच्या ताईच्या पायाला भिंगरी. तिला स्वस्थ बसलेली मी क्वचितच पाहिली असेल, आणि बसली तरी एक पाय हलत असतो. नोकरीही तशीच, सतत धावपळीची. मन उदास झालं की मुलं किती खातात, याचा एक अभ्यास तिच्या इस्पितळात चालू आहे. मुलाला खोलीत एकट्याला बसवून सिनेमातला एखादा रडवणारा प्रसंग दाखवतात. शेजारी बिस्किटांनी भरलेली वाटी ठेवतात. त्या वाटीचं आधी आणि नंतर वजन करायचं, हे ताईचं काम. दुःख ग्रॅमवर मोजणारी बाई म्हणून मी तिला चिडवायचो. "मोजल्याशिवाय कळणार कसं?" ती फणकारायची.

मग भावोजी अचानक वारले आणि घरातला बिस्किटांचा डबा भराभर रिकामा व्हायला लागला. माझी भाची तेरा वर्षांची, तोंडातून अक्षर काढेना. पोरगी दुःखाने खातेय की वाढत्या अंगाची भूक आहे, हा भुंगा ताईच्या डोक्यातून जाईना. येता-जाता डबा उचलायची, हलवून बघायची, परत ठेवायची. मला तर त्या डब्याचाच राग यायला लागला होता.

शेवटी तो अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या मागे लागून तिने पोरीलाच त्या खोलीत बसवलं. वजन मात्र दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. वाटी भरली होती तशीच परत आली.

ताई घरी आली तीच हवेत. "बघ, रडूबिडू काही नाही. नुसती भूक आहे." मला ते काही पटेना. पण किती तरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता, म्हणून वाद घातला नाही. चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो, तर भाची ओट्याला टेकून उभी. तोंड भरलेलं, डोळे लाल. माझ्या पाठोपाठ ताईही आत आली.

"तिथे का नाही खाल्लंस?" ताईने विचारलं.

"वजन तूच करणार होतीस ना."

"मग काय झालं? मला कळलं असतं."

"म्हणूनच." भाचीने तोंडातला घास कसाबसा गिळला. "तुला कळलं असतं, तर तुझं जेवण पुन्हा सुटलं असतं. बाबा गेल्यावर सुटलं होतं तसं."