पुट्टी संपते तिथे

बाइंडर काकूंच्या घरात शिरताना आधी खाली बघावं लागे. दाराआड रंगाचा डबा असे आणि त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेला ब्रश. पलीकडे अर्धीच विणलेली वेताची खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर पडदा, एका बाजूनं शिवलेला, दुसऱ्या बाजूला नुसत्या टाचण्या. बसायचं तर काहीतरी उचलावं लागे, आणि उचललं की आतून आवाज येई, "ते हलवू नका हां, दाबाखाली आहे!"

काकूंचं सगळं आयुष्य एका छापखान्याच्या बांधणी खात्यात गेलं. पुस्तकाला खळ लावली की ते शिकंज्यात घालायचं, वर वजन ठेवायचं आणि पुढचं हातात घ्यायचं. वाळेपर्यंत बघत बसायचं नाही. नव्या असताना त्या एकदा बसल्या, तर फोरमन म्हणाला, "बाई, तुमच्या बघण्यानं ते लवकर वाळणार आहे का?" तेव्हापासून त्या कशाचीच वाट बघत बसल्या नाहीत. खुर्चीचा वेत भिजतोय तोवर पुट्टी, पुट्टी वाळतेय तोवर पडदा. छापखान्यात संध्याकाळी कुणीतरी शिकंजे सोडत असे. घरात ते सोडणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळं घरच एका लांबलेल्या दुपारीत अडकून राहिलं होतं.

गंमत म्हणजे जिन्यातली बाकीची सगळी घरं काकूंच्या सल्ल्यावर चालत. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे हे सल्ले मला जिन्यातून फुकट ऐकू येत. खण जाम झालाय? कडेला मेणबत्ती घासा. बिजागरीचा स्क्रू सैल फिरतोय? भोकात काड्यापेटीच्या काड्या कोंबा, थोडा गोंद, मग पिळा. पुस्तकाच्या पानाला तेल लागलं? पुसू नका, पावडर टाका आणि वर वजन ठेवून विसरून जा. नळावर पांढरं धरलंय? लिंबाची फोड बांधून ठेवा.

"आणि तुमच्या घरातलं हे सगळं कधी व्हायचं, काकू?" समोरची शिक्षिका विचारी.

"होतंय की. थांबलंय कुठे?"

काका मात्र सरळ बोलत. ते बस चालवायचे. नजर मंदावली तशी बस सुटली आणि ते घरी बसले. "हिच्या मार्गावर शेवटचा स्टॉपच नाही," ते म्हणत. "नुसते मधले."

"तुम्हाला उतरायची घाई आहे का?" काकू विचारत. मग ते हसत आणि भिंतीवर हात टेकत आतल्या खोलीत निघून जात. अगदी झपझप. डबे, खुर्ची, पडदा, कशालाही न अडखळता. ते मी कितीदा पाहिलं, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

अडखळली ती त्यांची लेक. दुसऱ्या गावाहून आली आणि दारातच रंगाच्या डब्यावर आपटली. नडगी चोळत तिनं घरभर नजर फिरवली आणि काय ते ठरवून टाकलं. "आई, बाबांना दिसत नाही धड, आणि तू त्यांच्या वाटेत हे दुकान मांडून बसलीस! मी त्यांना घेऊन जाते. डोळे दाखवून आणते. परत येईन तेव्हा घर असंच असेल, तर ते कायमचे माझ्याकडे राहतील. तूही चल, नाहीतर बस इथे खळ लावत."

काका म्हणाले, "मला काही त्रास होत नाही गं."

"तुम्ही गप्प बसा, बाबा. तुम्हाला कधीच काही त्रास होत नाही."

ते दोघं गेल्यावर काकूंनी जे केलं ते त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. त्यांनी कामं संपवायला घेतली. एकेक करून, शेवटपर्यंत. घरातल्या बोळाच्या भिंतीची पुट्टी न्हाणीघराच्या दारापर्यंत येऊन वर्षानुवर्षं थांबली होती, तिथून पुढे नुसता खरबरीत गिलावा. ती त्यांनी टोकापर्यंत नेली, घासली, रंगवली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआधीची एक फरशी पाय पडला की खट्ट वाजे. ती बसवताना मी हाताखाली होतो. झोपायच्या खोलीच्या दाराला मुठीच्या जागी भोक होतं, तिथे मूठ आली. खुर्ची विणून झाली आणि इतर खुर्च्यांच्या रांगेत गेली. काकू शिडीवरून उतरत तेव्हा तिलाच धरून थोडा वेळ उभ्या राहत. दमलेल्या माणसाच्या तोंडावर असा आनंद मी फार कमी वेळा पाहिलाय.

पूर्ण झालेलं ते घर सुंदर दिसत होतं. आणि थोडं परकं. त्याला आता कुणाचीच गरज उरली नव्हती.

लेक काकांना घेऊन आली तेव्हा मी माझी शिडी परत न्यायला खाली गेलो होतो. तिच्या हातात चाकांची मोठी बॅग होती, रिकामी. काकांच्या कपड्यांसाठी. दारातून तिनं आत पाहिलं आणि नकळत म्हणाली, "अगंबाई!"

काका नेहमीसारखे झपझप आत शिरले. भिंतीला हात लावला, चालत राहिले, चालत राहिले, आणि बोळाच्या टोकाच्या भिंतीवर कपाळ आपटून थांबले. मागे वळले. हात भिंतीवरून वर गेला, खाली गेला. उंबऱ्याला ठेच लागली. कुठल्याशा दाराची मूठ हाताला आली तशी त्यांनी ती सोडून दिली.

"अगं, हे आपलंच घर ना?"



"पुट्टी कुठे गेली?" ते म्हणाले. "पुट्टी संपली की न्हाणीघर. फरशी वाजली की उंबरा. भोकात बोट गेलं की आपली खोली. सगळे स्टॉप काढून टाकलेस की गं."

तेव्हा आम्हाला कळलं, त्यांना किती थोडं दिसत होतं, आणि किती दिवस. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच अर्धवट घरानं येऊ दिली नव्हती. लेक भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरांनी सांगितलेलं आईला कसं सांगावं, या विचारातच ती आली असणार. आता ते सांगायचं उरलंच नव्हतं.

मला वाटलं, काकू रडतील. त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं, कपाळावर ओला रुमाल धरायला दिला आणि पलंगाखालून एक गठ्ठा ओढून काढला. पुस्तकांच्या पाठीला लावतात ते जाड, खरखरीत कापड. त्याची त्यांनी उभी पट्टी फाडली. खळ कालवली.

"अहो, उभे राहा. चालताना हात कुठे असतो तुमचा? तिथे धरा."

नव्या रंगाच्या भिंतीवर, काकांच्या हाताच्या उंचीवर त्या पट्टी चिकटवत निघाल्या. न्हाणीघराच्या आधी कापडाखाली त्यांनी दोरा आडवा घातला, पुस्तकाच्या पाठीवर उंचवटे असतात तसा. उंबऱ्याआधी दोन.

"आई, रंग आत्ताच दिलाय ना," लेक म्हणाली.

"मग काय झालं? ते टोक धर. ओढू नकोस, नुसतं धर. सुरकुती पडली की बाबांना वाटेल वळण आलं."

लेकीनं टोक धरलं. काका मागून बोटं फिरवत येत होते. "इथे एक बारीकसा हवा," ते म्हणाले, "इथे मी थांबतो."

"इथे? इथे काय आहे?"

"काही नाही. तू शिवत बसलीस की मशीनचा आवाज इथपर्यंत येतो."

काकूंनी दोरा घातला. मान खाली होती, म्हणून तोंड दिसलं नाही.

बाल्कनीपाशी येईपर्यंत कापड शिल्लक होतं, पण काकू थांबल्या. पट्टीचं टोक तसंच लोंबत ठेवलं.

"एवढंच राहिलंय, लावून टाक ना," लेक म्हणाली.

"आधी चार दिवस चालू देत त्यांना. बाल्कनीत कुठे काय हवं ते मला काय माहीत? ते सांगतील तेव्हा लावीन."

लेक हसली की रडली ते नीट कळलं नाही. संध्याकाळी ती जिन्यात भेटली तेव्हा बॅग तिला उचलवत नव्हती. मी हात लावला. "बाबांचे कपडे?" मी विचारलं.

"छे हो. आईनं स्टूल दिलंय माझ्या घरासाठी. तीनच पाय लावलेत. म्हणाली, चौथा तू लाव."