गोल केलेला सी

माझे वडील चाकणच्या एका कंपनीत, पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या विभागात. फर्स्ट शिफ्टहून घरी आले की चहाचा कप हातात घेऊन विचारायचे, "आलं का गं उत्तर?"

मी गणितात पीएचडी करत होते. तेल, रंग असले चिकट द्रव कसे वाहतात, त्यांची समीकरणं. ती सोडवायची नव्हती. त्यांना उत्तर असतंच, एवढंच सिद्ध करायचं होतं. वडिलांना हे काही केल्या पटेना. "असणारच की. आमच्याकडं रंग रोज वाहतोय." मी चिडायचे. रंग वाहतो, कबूल. पण आपण कागदावर लिहिलेलं त्या रंगालाच लागू आहे कशावरून?

आमच्या गणितवाल्यांची एक सोयीची रीत आहे. ज्या आकड्याची नेमकी किंमत महत्त्वाची नाही, त्याला सरळ इंग्रजी सी म्हणायचं. पुढच्या ओळीत तो दुप्पट झाला तरी सीच. आधी ढोबळ उत्तर काढायचं, मग ते बारीक करत न्यायचं. एखाद्या ओळीत दुप्पट झालेला चालतो, पण उत्तर जितकं बारीक करू तितका सी वाढत जाता कामा नये, एवढीच अट. थिसिस जमा करायची तारीख तोंडावर आलेली आणि माझ्या गाईड मॅडमनी एका सीभोवती पेन्सिलीनं गोल काढला. "हा वाढतोय. हा गेला तर पुढचं सगळं गेलं."

मी ओळीमागून ओळ तपासली. खरंच वाढत होता. सी या अक्षराच्या झग्याखाली लपून बसला होता तो लबाड आकडा, आणि मीच त्याला तो घालून दिला होता.

पुनावळ्यात मी, नवरा आणि पप्पा एकत्र राहायचो; तिथल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून मी रागारागानं सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं. सुरुवातीलाच द्रवाच्या चिकटपणाचं पद भेटलं. ते धन असतं, काही बिघडवत नाही, म्हणून मी ते सोडून दिलं होतं. आमच्यात सगळेच सोडतात. या वेळी हट्टानं ठेवलं. पुढं ज्याच्यामुळं सी वाढत होता ते त्रासदायक पद आलं, त्याचे दोन तुकडे केले. एक तुकडा चिकटपणानं गिळून टाकला, दुसरा मुकाट जागेवर बसला. सी वाढेना. मी पुन्हा तपासलं, तरी वाढेना. आत गॅसवर भाजी करपल्याचा वास येत होता आणि मला हसू आवरत नव्हतं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मॅडमनी शांतपणे सगळं वाचलं, पर्समधून खोडरबर काढला आणि तो गोल पुसला. "कर जमा," म्हणाल्या.

संध्याकाळी वडिलांनी नेहमीसारखं विचारलं, "आलं का?"

"उत्तर आहे, पप्पा. पक्कं आहे."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी गावाकडं काकांना फोन लावला. "पोरीनं सिद्ध केलं बघ, उत्तर हाय म्हणून. काढायचं काम आता इंजिनिअर लोकांचं."