विलासने धाकटी उचलली

माझा धाकटा भाऊ विलास आज सकाळी वारला. आणि मी अजून त्याच्यावर जळतोय.

खोटं कशाला लिहू? तीसेक वर्षं जळलोय. एका दिवसात कसं विझेल?

कारण एक गाडी.

ऐंशीच्या दशकात आमच्या आबांचं धुळ्याला आग्रा रोडवर ट्रकचं गॅरेज होतं. एका बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमधून आबांनी दोन जुन्या अमेरिकन गाड्या भंगारात उचलल्या. एक कॅडिलॅक, एक लासाल.

दोघी एकाच घरच्या. कॅडिलॅक बड्या लोकांची, ड्रायव्हर आणि मागे बसणारा मालक यांच्यामध्ये काच असलेली. लासाल तिची धाकटी बहीण, ज्यांना कॅडिलॅक झेपत नाही त्यांच्यासाठी काढलेली.

आबांनी काही वर्षं खपून दोन्ही चालू केल्या. घरात त्यांची नावं मोठी आणि धाकटी.

मोठी रस्त्यावर आली की माणसं हातातलं काम टाकून बघायची. मला ती हवी होती. आबा असतानाच हवी होती.

आबा गेले आणि वाटण्या झाल्या. आमच्याकडे रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही.

मी केली.

आबांची स्पेअर पार्ट्सची अख्खी लोखंडी पेटी मी धाकटीच्या वाट्यात टाकली. दोन्ही गाड्यांचे पार्ट त्यातच होते. पेटीच्या लोभाने विलास धाकटी उचलेल, मोठी मला राहील, असा माझा डाव.

त्याने पेटीकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ जाऊन धाकटीच्या बॉनेटवर हात ठेवला.

मध्यस्थ म्हणून मामा बसले होते. ते म्हणाले, घाई करू नको, मोठी ती मोठी.

विलास माझ्याकडे बघून म्हणाला, "मोठीमा डायव्हरना मांगे काच शे, भाऊ. एक जन चालावी, दुसरा काचना मांगे बसी. माले धाकलीच दे."

मला वाटलं, शहाणा आहे. पेट्रोल कमी पिणारी बघून घेतली आणि वर गोड बोलतोय.

मला हवं ते मिळालं होतं. तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही. हवी असलेली वस्तू समोरच्याने न मागताच सोडून दिली, की तिची किंमतच उतरते.

विलास गाडी घेऊन जळगावला गेला, मेहरूणला राहिला, तिथेच वर्कशॉप टाकलं.

आणि मग धाकटीच्या बातम्या येऊ लागल्या.

रावेरच्या केळीवाल्यांच्या लग्नात नवरदेव धाकटीतून. गल्लीतली बाळंतीण घरी आली ती धाकटीतून. दर चतुर्थीला पद्मालयाच्या गणपतीला धाकटी निघायची आणि जो दारात उभा असेल तो आत. पुढच्या सीटवर तिघं, मागे किती ते देवालाच माहीत. सगळे एकदम बोलणार, आणि विलास गाडी चालवत प्रत्येकाला उत्तर देणार.

माझी मोठी धुळ्याला गॅरेजमध्येच. पुसून, कापड घालून.

दोन वर्षांत तिचा पेट्रोल पंप मीच बिघडवला. ट्रकचा पार्ट ठोकून बसवायला गेलो. खरा पार्ट जळगावच्या पेटीत होता. फोन करायचा अवकाश होता.

मी केला नाही. मामांकडून विलासला कळलं, तर त्याने अख्खी पेटीच ट्रकवाल्याबरोबर पाठवून दिली.

मी ती न उघडता परत पाठवली. हो, इतका कोता माणूस आहे मी. मोठी त्यानंतर कधीच चालू झाली नाही.

विलासने मात्र विचारणं सोडलं नाही. दर चतुर्थीच्या आधी लँडलाइनवर फोन. "भाऊ, येस का पद्मालयले?"

दर वेळी मला काम असायचं.

नव्वदनंतरची गोष्ट. एकदा त्याच्या फोनमागे घरभर हसणं ऐकू येत होतं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, येतो की, पण तुझ्या गाडीत नाही. माझी मोठी घेऊन येतो.

ती हलत नाही हे त्यालाही माहीत होतं. तरी म्हणाला, "बरं. मी एरंडोलना फाटावर थांबस." धुळ्याहून येताना पद्मालयाला तिथूनच वळायचं.

मी फोन ठेवला आणि विसरून गेलो.

पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला. नेहमीसारखाच. मी पुन्हा काम सांगितलं.

आज दुपारी सगळं आटोपून मेहरूणच्या घरी बसलो होतो. विलासची बायको, आमची सुनंदा, समोर येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज गेला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, त्याच्या गाडीत माझं बसणं काही झालं नाही.

ती म्हणाली, "तुम्ही येणार म्हणाला होतात ना एकदा, तुमची गाडी घेऊन? त्या दिवशी बाकी सगळ्यांना ह्यांनी एसटीने पाठवलं. एकटेच एरंडोलला जाऊन थांबले. दुपारपर्यंत."

मी विचारलं, मोठी बंद आहे हे त्याला ठाऊक होतं ना?

"होतं. मी पण तेच बोलले. तर म्हणाले, भाऊ येतो म्हणालाय."

त्या दिवशी मी घरीच होतो. काहीही काम नव्हतं.

एरंडोलच्या फाट्यावर चहाची टपरी होती. सुनंदा म्हणते, तो तिथेच बसला होता, चहावाल्याशी गप्पा मारत.

विलास, लोकांनी तुझ्या गाडीचं कौतुक केलं तेव्हा जळलो. तुझ्या घरातल्या हसण्यावर जळलो.

आज त्या चहावाल्यावर जळतोय. त्याला तुझी अख्खी सकाळ मिळाली. ती माझी होती.

जा बाबा. थोरल्याला माफ कर.

तुझ्या भाऊचा तुला शेवटचा नमस्कार.