आपोआप सुरू झालं

बुद्धभूषण सोनकांबळेला काशीमीऱ्याच्या ऑफिसात सगळे नुसतं भूषण म्हणायचे. नाव अर्धं आणि काम दुप्पट, अशी तिथली रीत. ऑफिस तरी कसलं, गॅरेजच्या वरचा पोटमाळा. मालक लवूशेठ, मूळचा रत्नागिरीकडचा. आधी घरोघरी टीव्हीची केबल टाकायचा, मग त्याच गच्च्यांवरून इंटरनेटची वायर ओढली आणि एकदम साहेब झाला. राई गावापासून इंद्रलोक वसाहतीपर्यंत तीनशे बारा बिल्डिंगा त्याच्याकडे. प्रत्येक बिल्डिंगमध्ये इंटरनेटचा एक डबा आणि भूषणसमोरच्या स्क्रीनवर त्या डब्याचा एक ठिपका. डबा चालू तर हिरवा, बंद पडला की लाल. बारा तास त्या ठिपक्यांकडे बघत बसायचं, ही नोकरी. ऐकायला सोपी वाटते ना? बसून बघा एकदा, डोळ्यांच्या खाचा होतात.

लाल दिसलं की स्क्रीनवरचं 'दखल घेतली' हे बटण दाबायचं, असा नियम. बटण दाबलं की लाइनमनला निरोप जायचा आणि तो शिडी घेऊन निघायचा. पण भूषणने पहिल्याच महिन्यात ओळखलं की दहातले आठ डबे बिघडलेलेच नसतात. वॉचमन मीटर रूममधला डब्याचा प्लग काढतो आणि तिथे स्वतःचा मोबाईल चार्जिंगला लावतो, एवढंच. तेवढ्यासाठी लाइनमनला ट्रकांच्या गर्दीतून राईला पिटाळायचं? म्हणून भूषण आधी बटण दाबायचाच नाही. खिशातून स्वतःचा मोबाईल काढायचा. "भैया, वो काला प्लग वापस लगाओ. हाँ, अभी लगाओ." पाच-सहा मिनिटांत ठिपका हिरवा. नाहीच झाला, तरच बटण. वॉचमनचं नाव तो शेठला कधी सांगायचा नाही. गरिबाच्या पोटावर पाय कशाला द्या?

आता ठिपके दाखवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये एक खोट होती. दहा मिनिटांच्या आत परत हिरवा झालेला ठिपका कधी लाल झालाच नव्हता, असं ते धरून चालायचं. आत कुठेतरी साठायचं, पण रिपोर्टमध्ये नोंदच नाही. म्हणजे भूषणची दिवसभराची धडपड संध्याकाळी गायब! दोन वर्षं हे असंच चाललं. इकडे लवूशेठने शब्द दिला होता, "नवीन व्हर्जन येऊ दे. रिपोर्टमध्ये तुझं काम बघतो आणि तुला इनचार्ज करतो, कायमचा." झालं, भूषणच्या जिवाला तोच एक ध्यास लागला. बायकोने, रश्मीने, तर बाजारात तुरी असतानाच इंद्रलोकातल्या अर्ध्या बायकांना सांगून टाकलं आणि लातूरला भावालाही कळवलं.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या उर्मिला मॅडम पुण्याला बसायच्या. भूषणने त्यांना मेलवर मेल धाडले. कुठला ठिपका उशिरा बदलतो, कुठला अलार्म दोनदा वाजतो, सगळं तारीखवार. आणि प्रत्येक मेलच्या शेवटी एकच रड: मॅडम, दहा मिनिटांखालचे बंदसुद्धा नोंदवा, आमचं काम दिसत नाही. मॅडम एकदा म्हणाल्या, "तुमच्यासारखी नजर आमच्या टेस्टिंगवाल्यांनासुद्धा नाही हो." ते वाक्य बिचाऱ्याने रश्मीला चारदा ऐकवलं.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये नवीन व्हर्जन आलं. सोबत यादी, काय दुरुस्त केलं आणि काय नवीन घातलं याची. एकवीस दुरुस्त्या, त्यातल्या चौदा भूषणने सुचवलेल्या. त्याचं नाव कुठेच नव्हतं, पण ते असो. तिसरी ओळ वाचून त्याने आनंदाने टेबलावर मूठ आपटली. दहा मिनिटांखालचे बंद आता रिपोर्टमध्ये येणार होते, मागच्या दोन वर्षांचेसुद्धा! शिवाय एक नवीन सोय होती. डबा बंद पडला की त्या बिल्डिंगमधल्या माणसाला थेट एसएमएस जाणार. त्यासाठी वॉचमन लोकांचे नंबर भरायचे होते. ते कुणाकडे होते? भूषणच्या डायरीत. सलग दोन रविवार बसून त्याने सगळे भरले. इंद्रलोकच्या त्याच्या स्वतःच्या बिल्डिंगला वॉचमन नव्हता, तिथे त्याने आपला नंबर टाकला.

सोमवारी लवूशेठने बोलावलं. भूषण इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

"हे काय रे?" शेठने कागद पुढे सरकवला. "दहा मिनिटांखाली अकराशे त्रेचाळीस वेळा डबे बंद. दखल घेतली, शून्य! ऑपरेटर म्हणून नाव तुझं. झोपा काढत होतास काय?"

"शेठ, ते सगळे मीच तर चालू केलेत."

"तू? इथं लिहिलंय, आपोआप सुरू झालं. प्रत्येकापुढे तेच. आपोआप!"

भूषणने खिशातून मोबाईल काढला. "मी वॉचमनना फोन करायचो, शेठ. माझ्या मोबाईलवरून. विचारा हवं तर." त्याने राईच्या एका वॉचमनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. या माणसाशी तो आठवड्यातून दोनदा तरी बोलायचा, त्याच्या मुलीच्या तब्येतीची चौकशी करायचा.

"केबल ऑफिस से लवूशेठ बोल रहा हूँ," शेठ गुरकावला. "तू हमारा प्लग निकालता है क्या रे?"

पलीकडून वॉचमन म्हणाला, "नहीं साब. बच्ची की कसम, कभी हाथ नहीं लगाया."

"ये भूषण तेरे को फोन करता था?"

"कौन भूषण, साब? मैं नहीं जानता."

त्याला तरी दोष कसा द्यायचा? हो म्हणाला असता तर संध्याकाळच्या आत त्याची नोकरी गेली असती. दोन वर्षं भूषणने त्याला झाकलं, आजही भूषणच्याच जिवावर तो सुटला.

शेठ खुर्चीत रेलून हसला. "बरं, धरून चालू की तू खरं बोलतोयस. फोन करून प्लग लावायला सांगायचं, हेच ना तुझं काम? ते आता एसएमएस करतोय. नंबर तूच भरलेस, आणि काय सुंदर भरलेस, एक चूक नाही! मग आता तुझं काय करू मी, लोणचं घालू?" मागे उभे असलेले दोघे लाइनमन फिदीफिदी हसले. त्यांची शिडी घेऊन जायची फेरी भूषणने हजारदा वाचवली होती. "उद्यापासून येऊ नकोस. आणि ती डायरी ठेवून जा."

गॅरेजसमोर उभं राहून त्याने उर्मिला मॅडमना फोन केला. त्या हळहळल्या, पण म्हणाल्या, "अहो, बटण दाबलं नाही तर तिथे माणूस होता हे सिस्टीमला कळणार कसं? ती काही चूक नाहीये हो."

घरी रश्मीने सगळं ऐकून घेतलं. तुम्ही जेवलात का, एवढंही तिने विचारलं नाही. "आता मी खाली कुठल्या तोंडाने जाऊ?" म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

बुधवारी सकाळी अकराला मोबाईल वाजला. वेडी आशा असते माणसाला! शेठला चूक कळली, परत बोलावतोय, असंच त्याला वाटलं. बघतो तर एसएमएस. तुमच्या बिल्डिंगमधला डबा बंद आहे, प्लग तपासा. तेवढ्यात जिन्यातून शेजारच्या मंदाताईंची हाक आली, "अहो इनचार्जसाहेब, नेट गेलं बघा!"

आतल्या खोलीतून रश्मी हलली नाही. भूषण चपला घालून खाली मीटर रूममध्ये गेला. कुणीतरी डब्याचा काळा प्लग काढून तिथे ड्रिल मशीन लावलं होतं. तो प्लग हातात धरून बराच वेळ उभा राहिला. राहू दे बंद, मरू दे, त्याच्या मनात आलं. कळू दे त्यांना. पण कळणार काय होतं आणि कुणाला?

"साहेब, आलं का हो?" वरून मंदाताई ओरडल्या.

त्याने ड्रिलची पिन काढली आणि काळा प्लग लावला. डब्यावरचा दिवा लागला. तिकडे काशीमीऱ्याला आपला ठिपका हिरवा झाला असणार, आणि त्याच्यापुढे काय लिहिलं गेलं असणार, हे त्याला स्क्रीन न बघताही माहीत होतं.

"आलं," तो म्हणाला. "आपोआप आलं."