देवीला बँड कळत नाही

अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला, बँड सुरू झाला आणि माझ्या सासूच्या अंगात आलं. नणंदेनं हार घालायला हात वर उचलले होते. तेवढ्यात नवऱ्या मुलाचा बाप गरजला, "थांबा! हार घालू नका!"

नणंद तशीच थांबली. हात वर, हातात हार. सासू मांडवाच्या मधोमध केस मोकळे सोडून घुमत होती आणि बायका मुलांना उचलून मागं सरकत होत्या.

हे होऊ नये म्हणून तर आम्ही सगळा खटाटोप केला होता.

सासूच्या अंगात देवी यायची. देवीचं देऊळ पूर्वीच मुळशीच्या धरणाखाली गेलं. तेव्हापासून तिला राहायला दुसरी जागा नाही, म्हणून ती आपल्या बायकोत राहते, असं सासरे सांगायचे. मात्र देवी यायची ती फक्त हलगीवर. शेजारच्या वाडीत कुस्त्या असल्या आणि तिथं हलगी कडाडली, तरी इकडं चुलीपुढं सासूची मान हलायला लागायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. कुस्त्यांच्या दिवशी ती स्वतःच कानात घालायला कापूस मागून घ्यायची.

नणंदेला स्थळ आलं पिरंगुटकडचं. मुलगा खडकीला कारखान्यात होता. बाप पलटणीतून पेन्शनवर आलेला. मिशा अशा, की चहा पिताना त्याला त्या एका हातानं वर धराव्या लागत. त्यानं मानपान काही मागितलं नाही. एकच विचारलं, "तुमच्यात कुणाच्या अंगात येतंय का? असली सोंगं आमच्या घरात चालायची न्हाईत. तसं असंल तर आत्ताच सांगा."

"छ्या!" सासरे म्हणाले. "आमच्यात कुणाच्याबी न्हाई."

मी आत चहा गाळत होते. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

नणंदेला मुलगा पसंत होता. सासूच्या घुमण्यावरून तिचं ठरलेलं लग्न एकदा मोडलेलं होतं. रात्री ती मला म्हणाली, "वैनी, ह्येबी मोडलं तर मी जल्मभर हितंच बसन, तुमच्या उरावर." ती एकदा बोलायला लागली की कोंबड्यासुद्धा उठून दुसरीकडं जायच्या. हे लग्न व्हावं असं तिच्याइतकंच मलाही वाटत होतं.

मग सासऱ्यांनी युक्ती काढली. लग्नात हलगी नाही, ढोल नाही, सनई-संबळ नाही. पुण्याहून बँड आणायचा. मी विचारलं, "मामंजी, आणि बँडवर आली तर?"

"येडी का काय तू? देवी जुनी हाय. तिला बँड कळत न्हाई."

सासूनंही मान डोलावली. "व्हय. तिनं बँड कवा ऐकलाय? न्हाई यायची ती."

घरातल्या सगळ्यांना हे पटलं. मलाही पटलं, हे सांगून टाकते.

बँडवाले एसटीनं आले. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि अंगाला घामाचा वास. ते कुठल्या तरी नव्या सिनेमातलं गाणं वाजवणार होते. गाणं नवं होतं, पण ढोलवाला जुनाच होता. त्यानं त्या गाण्याखाली जो ठेका धरला, तो थेट हलगीचा.

आता सासू घुमत होती आणि तिच्या तोंडून देवी बोलत होती. "माझी हलगी कुटं हाय? मला लग्नाला कुणी बोलावलं न्हाई! ह्ये भोंगं कुणी आणलं?"

पेन्शनर सासऱ्यांकडं बघत होता. सासरे मांडवाच्या छताकडं बघत होते.

ते भोंगं थांबवायला हवं होतं. मी पदर खोचला आणि बँडच्या म्होरक्याकडं धावले. "थांबवा! थांबवा!" मी ओरडत होते. त्याच्या तोंडात पिपाणी. त्याला वाटलं, त्याच्या गाण्यावर बाई नाचतेय आणि दुसरी बाई शाबासकी द्यायला आलीय. तो मान हलवून हसला आणि आणखी जोरात फुंकायला लागला. ढोलवाल्यालाही जोर चढला. आमच्या चुलत सासूबाई ओट्यावर बसून डुलायला लागल्या. आणखी दोघी घुमल्या असत्या तर मांडवच खाली आला असता.

मी त्याच्या पिपाणीच्या तोंडावर हात ठेवला. आवाज बसला. "काय झालं ताई? दुसरी चाल पाहिजे का?" त्यानं विचारलं.

मला दुसरी चाल कुठली ठाऊक? चौथीपर्यंत शाळेत एकच शिकले होते. म्हणाले, "झेंडावंदनाची वाजवा!"

ती त्यांना यायची. दर पंधरा ऑगस्टला वाजवत असणार. त्यांनी ती सुरू केली.

आमच्या गावच्या मास्तरांनी झेंडावंदनाची शिस्त सगळ्या गावाला लावली होती. म्हातारे-कोतारे कुणी सुटले नव्हते. जो हलेल त्याला ते पोरांदेखत नावानं हाक मारायचे. पहिला सूर निघाला आणि सगळा मांडव ताठ उभा राहिला. भटजी उभे राहिले. आचारी हातात झारा घेऊन बाहेर आला आणि तसाच उभा राहिला. पेन्शनरनं तर टाच आपटून सलाम ठोकला.

आणि सासू? सासूही उभी राहिली. केस मोकळे, हात खाली, मान सरळ. देवी होती की गेली होती, मला विचारू नका. एवढंच सांगते की ती हलली नाही.

चाल संपली. पेन्शनरनं हात खाली घेतला आणि सासऱ्यांना विचारलं, "पाव्हणं, मघाशी काय व्हतं ह्ये?"

सासरे पुन्हा छताकडं बघायला लागले. मग मीच म्हणाले, "अंगात येतं त्यांच्या. हलगीवर येतं, म्हणून बँड आणला."

"म्हंजी तुमी खोटं बोलला!"

"व्हय," मी म्हटलं.

पेन्शनरनं मिशीला हात घातला. आता मोडणार, हे मांडवातल्या कुत्र्यालाही कळलं. तेवढ्यात नवरा मुलगा पहिल्यांदाच बोलला.

"आबा, आजीला लग्नाला का न्हाई आणलं?"

"ती आजारी हाय."

"आजारी कुटं? खोलीत कोंडून आलाय. हितं हलगी असंल आन् ती घुमंल, म्हणून."

पेन्शनरची मिशी खाली आली. आमच्याकडचा कुणी तरी फिसकन हसला. मग त्यांच्याकडचाही एक हसला.

नणंद अजून तशीच उभी होती. "माझं हात दुखायला लागलं," ती म्हणाली. "घालू का नको, एकदा सांगा."

नवऱ्या मुलानं स्वतःच मान पुढं केली. तिनं हार घातला.

संध्याकाळी सासू मला म्हणाली, "मला काय झालं व्हतं गं?"

"काय न्हाई, आत्याबाई. झेंडावंदन झालं."

गाण्यानं माणूस सुधारतो असं रेडिओवर सांगतात. मी सुधारलेला एकही पाहिला नाही. ढोल वाजला की माणसाचे पाय त्याचे राहत नाहीत, एवढं पाहिलं.

सासू गेली, सासरे गेले, पेन्शनर गेला, त्याची आई तर कधीच गेली. बँडवाल्यांचं माहीत नाही. मी आहे. नणंद आहे. तिचा नवराही आहे, पण त्याला आता ऐकू येत नाही.