व्हायोलिनं आणि पाटाचं पाणी

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर "पाणी प्या आणि झोपा" असंच सांगत आले. मी यादी करून काम करणारी बाई आहे. नागावला, रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, आणि तिच्यात होमस्टेच्या तीन खोल्या. कुठली चादर कधी बदलली ते मला पाठ असतं. तरी हे लिहितेय, कारण दुसरीकडे कुठे सांगायची सोय नाही.

माझे मिस्टर, प्रशांत, फेब्रुवारीत गेले. अटॅक. मी रडले नाही... मुद्दाम नाही, रडू आलंच नाही. कामं होत राहिली. माझे सासरे, अण्णा, मात्र त्या दिवसापासून पलंगावरून उठेनात. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, पावसाळ्याच्या आत पाय चालले नाहीत तर मग कठीण आहे." मला तेवढी एकच काळजी उरली होती.

पुण्याहून मुलीने फोनवर एका ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग पाठवलं. नुसती तंतुवाद्यं — व्हायोलिनं, चेलो, मोठा ताफा. "आई, काम करताना लाव. समजून घ्यायचं काही नाही, नुसतं ऐकायचं." पहिल्यांदा लावलं तेव्हा मला वाटलं, फोन अडकला. तेच चार सूर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. मग लक्षात यायचं की खालचा एक सूर बदललाय — कधी बदलला ते कळायचं नाही. आपल्याकडून काही मागत नाही ते. मी रोज दुपारी लावू लागले.

स्वयंपाकाला येणारी सुनंदा वैतागायची. "वयनी, या गान्याची गाडी सुरूच व्हत न्हाय. धक्का मारू काय?"

"हेच गाणं आहे."

"मंग संपलं ते कसं कलनार?"

मे महिन्यातली दुपार होती. सकाळपासून लाईट नव्हती. आम्ही दोघी ओटीवर चादरींच्या घड्या घालत होतो, बॅटरीच्या स्पीकरवर ते चालू होतं. आतून अण्णा आले. भिंतीला धरून, पण स्वतःच्या पायांनी.

"रहाट कोणी जोडला?"

विहिरीवर रहाट होता तो मिस्टरांच्या लहानपणी. शाळेतून आले की ते रेडा हाकायचे आणि अण्णा वाडी शिंपायचे. पंप आला, रहाटाची लाकडं चुलीत गेली. त्याचं कुरकुरणंही असंच, तेच ते, न थांबणारं. म्हाताऱ्या कानांची गफलत झाली असं मी धरलं. म्हटलं, "अण्णा, ते गाणं आहे."

"गाणं मला कळतं. पाणी आलंय, फावडं दे."

चालताहेत तर चालू देत, म्हणून फावडं दिलं आणि मागोमाग गेले.

पाटात पाणी होतं. वाहत होतं. अण्णांनी बांध फोडला, एका माडाचं आळं भरलं, बांध बुजवला, पुढचा फोडला. सुनंदा म्हणाली, "लाईट आली जनू." मी ओटीवरच्या पंख्याकडे पाहिलं. बंद होता.

थोड्या वेळाने अण्णांना धाप लागली. "वैशाली, प्रशांतला सांग, थांब म्हणावं. आळी भरली. रेडाही दमला असेल."

मी विहिरीवर गेले. मोटरला हात लावला — गार. पाइपाचं तोंड कोरडं. पाणी येत होतं ते पलीकडून, पूर्वी जिथे रहाटाच्या पन्हळीचं पाणी पडायचं तिथून. तिथे आता नुसता दगड आहे. कोणी दिसलं नाही. मी घाबरले नाही... मला काहीच झालं नाही. निरोप दिला.

"अहो, पुरे आता. आळी भरली."

पाणी थांबलं. ओटीवर ती व्हायोलिनं अजून वाजतच होती.

नंतर सगळं तपासून घेतलं. मोटर, टाकीची गळती, शेजारच्या वाडीचा पाट. काही सापडलं नाही. सुनंदानेही पाणी पाहिलं, त्यामुळे भास म्हणून सोडता येत नाही. तेच संगीत अजून लावते, पण पंपाशिवाय पाटात थेंब येत नाही. अण्णा आता सकाळी समुद्रापर्यंत जाऊन येतात. त्या दुपारबद्दल बोलत नाहीत.

कारण मला माहीत नाही, शोधणंही सोडलंय. एवढंच राहून राहून मनात येतं — अण्णांनी थांबवायला सांगितलं आणि मी तेवढाच निरोप दिला. स्वतःचं असं काही बोलायचं मला सुचलंच नाही.