शिट्टी वाजली आणि दोर सुटला

फुकट शिकवतात म्हणून स्काउटच्या मास्तरांना काही विचारायचंच न्हाई का, आळीतल्या आयाबापांनो?

आज सकाळी विहिरीवर ते पोरांना पोहायला शिकवत होते. माझ्या नाम्याच्या कमरेचा दोर काठावर दोघा पोरांनी धरलेला. तेवढ्यात मास्तरांनी जमायची शिट्टी वाजवली. शिट्टी झाली की हातातलं टाकून पळायचं, हा स्काउटचा नेम. पोरं दोर टाकून पळाली आणि नाम्या पाण्याखाली गेला. मी भाकरी द्यायला गेले होते, म्हणून सरकता दोर माझ्या हाती लागला आणि मी नाम्याला वर ओढलं.

“मास्तर, तुमाला तरी पोहता येतंय का?”

“न्हाई की, अक्का.”

रविवारी पोरं परत तिथंच जाणार हायत. आपल्यातला पोहणारा कोण मास्तरांसोबत काठावर उभा राहणार, ते शुक्रवारपर्यंत मला सांगा.